मिशनऱ्यांचे घर आणि काशीची एक मुलगी

काशीच्या पंचगंगा घाटाला लागून बालाजी घाट आहे. नावेतून जाताना या टापूतील पायऱ्या मोजू लागले, तर एकामागून एक मराठी नावे ओठांवर येतात. भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, ग्वाल्हेरकरांचा घाट. वर गल्ल्यांतून हिंडले, तर दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या आसपास जुन्या मराठी घरांच्या चौकात तुळशीवृंदावने आढळतात. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका शके १४९५ मध्ये पुरी केली ती याच काशीत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी गागाभट्ट निघाले ते याच काशीतून. बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला, ही गोष्ट तर आता सर्वांच्या परिचयाची आहे. मराठी माणूस काशीला गेला म्हणजे परमुलखात गेला, असे त्याला स्वतःला कधी वाटले नाही. पेशव्यांच्या दक्षिणेवर, संस्थानिकांच्या अन्नछत्रांवर आणि शास्त्री मंडळींच्या पाठशाळांवर येथे एक लहानसा महाराष्ट्र उभा राहिला होता.

या लहानशा महाराष्ट्राच्या पलीकडे, नदीपासून दूर, शहराच्या पश्चिमेस सिग्रा नावाच्या भागात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरीच एक वसाहत उभी राहिली. तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे बंगले, शाळा, प्रार्थनामंदिर आणि अनाथ मुलांचे वसतिगृह होते. १८३७-३८ च्या दुष्काळात उत्तर हिंदुस्थानात आईबापांवाचून उरलेली कितीतरी मुले अशा वसतिगृहांत आली. घाटावरचे काशीकर आणि सिग्र्याचे साहेब यांच्यात अंतर फार तर तासाभराच्या चालीचे. पण एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला कायमचा गेला, तर परतीची वाट नव्हती. अशा एका कुटुंबाची ही हकिकत आहे. ती सांगण्यापूर्वी मिशनऱ्यांचे घर म्हणजे काय वस्तू होती, हे थोडे पाहिले पाहिजे.

मिशनरी म्हटला की आपल्यापुढे हातात पुस्तक घेऊन चव्हाट्यावर बोलणारा एकटा गोरा मनुष्य उभा राहतो. हे चित्र अपुरे आहे. प्रॉटेस्टंट मिशनरी बहुधा सपत्नीक येई, आणि त्याचे घर हेच त्याच्या कामाचे निम्मे साधन असे. पत्नीला पगार नसे. अमेरिकन बोर्डाच्या जुन्या अहवालांत तिचा दर्जा साहाय्यक मिशनरी असा लिहिलेला असे. तथापि ओसरीवर मुलींना जमवून अक्षरे गिरवायला लावणे, शिवण शिकवणे, आजाऱ्याला औषध देणे, वसतिगृहातील मुलांच्या जेवणाखाण्याकडे पाहणे, ही सारी कामे तिची. पुरुष मिशनऱ्याला हिंदू घराच्या माजघरात प्रवेश नव्हता. तिला थोडाबहुत होता. मुलांपर्यंत जाण्याची वाट या दाराने गेली.

मुंबई इलाख्यात याचा पहिला अनुभव अमेरिकन मराठी मिशनने घेतला. गॉर्डन हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युअल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांच्याच तुकडीतील सॅम्युअल न्यूएल याची पत्नी हॅरिएट मुंबई पाहण्यापूर्वीच वारली. ती एकोणीस वर्षांची होती. तिचे तान्हे मूल समुद्रावर गेले, आणि पाठोपाठ १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशस बेटावर ती स्वतः गेली. न्यूएल एकटाच मुंबईस पोहोचला आणि १८२१ साली पटकीने त्याचाही अंत झाला. हॉलची कथा याहून वेगळी नाही. मुलांच्या प्रकृतीस इकडील हवा मानवत नाही, म्हणून १८२५ साली त्याने पत्नीला दोन मुलांसह अमेरिकेस रवाना केले. एक मुलगा वाटेतच दगावला. पुढल्या वर्षी नाशिककडे दौऱ्यावर असताना हॉललाही पटकीने गाठले. दुसऱ्याच्या मुलांना शिकवावयास आलेल्या या लोकांना आपली मुले जवळ ठेवता येत नव्हती.

ही केवळ एकदोन घरांची आपत्ती नव्हती. ती रीतच होती. सहासात वर्षांचे मूल झाले की त्याला विलायतेस धाडावयाचे, नातलगांकडे किंवा शाळेत ठेवावयाचे, आणि मग सातआठ वर्षांनी रजा मिळाली म्हणजे भेटावयाचे. इंग्लंडात मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ साली वॉल्थमस्टो येथे आणि मुलांसाठी १८४२ साली स्वतंत्र शाळा निघाल्या त्या याच गरजेतून. मुंबईच्या जॉन विल्सन यांचा मुलगा अँड्र्यू १८३१ साली मुंबईत जन्मला आणि लहानपणीच स्कॉटलंडला गेला. त्याची आई मार्गारेट विल्सन मुंबईत मुलींच्या शाळा चालवीत असता १८३५ मध्ये निवर्तली. तिच्या शाळांतून मुंबईच्या किती मुली प्रथम वाचायला शिकल्या, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. तिच्या स्वतःच्या मुलाला ती किती मिळाली, हे सहसा कोणी विचारीत नाही.

ज्यांना स्वतःचा संसारच नव्हता, अशाही काही स्त्रिया या कामात होत्या. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आली, १८३९ पासून अहमदनगरला राहिली आणि १८६२ मध्ये तेथेच वारली. तिच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तसे काही करण्याची प्रेरणा झाली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. पुढे १८७३ पासून अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक चालवले आणि मराठी मुलांच्या वाचनात त्याने दीर्घकाळ भर घातली. शाळा, चित्रे, सोपी पुस्तके, गाणी: मुलांजवळ जाण्याची ही साधने आज सर्वांनीच उचलली आहेत. त्या काळी ती नवी होती, आणि म्हणूनच तिच्याकडे पालक संशयाने पाहत.

हा संशय निष्कारण नव्हता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. मूल अल्पवयीन होते; प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला बापाच्या हवाली केले. पण घरी आलेल्या मुलाला जात घेईना! बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू धरली, तेव्हा त्यांच्यावरही बहिष्काराचे अस्त्र उगारले गेले. कायद्याने मूल परत मिळाले, समाजाने मात्र दार उघडण्यास नकार दिला. मिशनऱ्यांवर मुले पळवल्याचा आरोप करणाऱ्यांनी या दुसऱ्या गोष्टीचा विचार फारसा केला नाही, असे म्हणणे भाग आहे.

आता काशीकडे वळू. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीकडील एका खेड्यात चित्पावन कुटुंबात झाला. कुटुंब काशीत स्थायिक होते आणि नीळकंठाचे अध्ययन तेथेच झाले. न्याय, व्याकरण, वेदान्त यांत तो लहान वयातच तयार झाला. त्याच सुमारास जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहून हिंदू धर्मावर आक्षेप घेतले होते. त्याला उत्तरे देणाऱ्यांत सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू होते, तसाच हा विशीतला नीळकंठही होता. १८४४-४५ च्या सुमारास त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूरचे म्हणणे खोडून काढले. पाद्र्याला वादात हरवावे या हेतूने तो सिग्र्याच्या विल्यम स्मिथकडे जाऊ लागला. तीन-चार वर्षे वाद चालला, आणि त्याचा शेवट वादी आणि प्रतिवादी या दोघांच्याही अपेक्षेबाहेर झाला. १८४८ च्या मार्च महिन्यात जौनपूर येथे नीळकंठाने बाप्तिस्मा घेतला. त्याचे नाव नेहेम्या झाले.

काशीच्या मराठी वस्तीला हा धक्का मोठा होता. एखादा अडाणी, भुकेला माणूस बाटला तर त्याची कारणे लोकांजवळ तयार असतात. ज्याने शास्त्राने शास्त्राचे रक्षण केले, तोच गेल्यावर कारण सापडेना. बारा वर्षांनी ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्याने सहाही दर्शनांची परीक्षा केली. फिट्झ-एडवर्ड हॉल याने १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हा ग्रंथ मान्य करणारे थोडे, पण त्यातील व्युत्पत्ती नाकारणारे त्याहून थोडे.

त्याची पत्नी लक्ष्मीबाई त्याच्यामागून त्याच्या नव्या घरी आली. त्या काळच्या स्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता, हे सांगावयास नको. माहेर तुटले, सासर तुटले, पंक्ती तुटली, भाषा बोलणाऱ्या शेजारणीही तुटल्या. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला गेला होता; पण बाळंतपणाला जवळ बसणारी आई कोणत्याही कायद्याने मिळत नाही. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत लक्ष्मीबाईंना मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई गेल्या. मुलीचे नाव एलेन लक्ष्मी ठेवण्यात आले.

पुढची गोष्ट चमत्कारिक आहे. १८५४ साली पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग विलायतेस निघाला. तो पंधरासोळा वर्षांचा होता. त्याचे राज्य गेले होते, आई जिंदन राणी हिच्यापासून तो नवव्या वर्षीच तोडला गेला होता आणि नुकताच तो ख्रिस्ती झाला होता. त्याच्या शिक्षणासाठी सोबत एक पंडित हवा होता. ती निवड नेहेम्या गोरे यांची झाली. आईवेगळी झालेली आपली तान्ही मुलगी मागे ठेवून एक बाप, आईपासून तोडलेल्या दुसऱ्याच मुलाला शिकवण्यासाठी समुद्र ओलांडून गेला. या माणसाला निष्ठुर म्हणता येत नाही; त्याच्या सर्व आयुष्यात हळव्या विवेकबुद्धीचीच साक्ष आहे. पण तान्हे मूल एकट्या पुरुषाने वाढवावे ही कल्पनाच त्या काळी नव्हती, आणि ज्यांच्या घरी ते सहज वाढले असते त्या आजी, मावशी, आत्या बालाजी घाटाच्या बाजूच्या जगात राहिल्या होत्या.

मुलीला स्मेल्स नावाच्या एका नीळवाल्या इंग्रज दांपत्याने आपली म्हणून घेतले. ते तिला नेली म्हणत. चार वर्षांची होते न होते तोच १८५७ चा उठाव झाला आणि त्यात या कुटुंबाची मालमत्ता बुडाली. इतिहासाच्या पुस्तकात सत्तावन्नची हानी आपण राज्ये आणि रणे यांच्या हिशेबात मोजतो. या मुलीच्या बाबतीत तिचा अर्थ एवढाच झाला की दुसरे घरही सुटले. त्यानंतर रेव्हरंड डब्ल्यू. टी. स्टॉर्स या मिशनऱ्याने तिला आपल्या कुटुंबात घेतले आणि १८६५ साली, बाराव्या वर्षी, आपल्या मुलाबाळांबरोबर इंग्लंडला नेले.

येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘दत्तक’ हा शब्द आपल्याला सोपा वाटतो, कारण हिंदू धर्मशास्त्रात त्याची पक्की व्यवस्था आहे. अर्थात तीही तेव्हा मुलग्यापुरती. इंग्लंडच्या कायद्यात मात्र दत्तक म्हणून काही नव्हतेच. तो कायदा तेथे प्रथम १९२६ साली झाला. म्हणजे एलेनला दोन इंग्रज कुटुंबांनी जो आसरा दिला, त्याला कागदाचा आधार नव्हता. केवळ ममतेचा होता. तिने मागितला असता असा एकही हक्क नव्हता, आणि तिला नाकारण्यास कोणाला कसली आडकाठी नव्हती. अशा स्थितीत ते घर तिला टिकले, ही स्टॉर्स कुटुंबाच्या बाजूने नोंदण्यासारखी गोष्ट आहे. मिशनऱ्यांच्या घरातील सामान्य रीत मुले दूर पाठवण्याची. येथे त्यांनी आपल्या मुलांबरोबर एक परके मूलही घरी आणले.

पंधरा वर्षे ती इंग्लंडात होती. शिक्षण तेथेच झाले, मैत्रिणी तेथेच जोडल्या गेल्या, कविता तेथेच सुचू लागली. इंग्रज स्तोत्रकर्ती फ्रान्सिस रिडली हॅव्हरगल हिच्याशी तिचा स्नेह पत्रांतून जुळला होता. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, ती हिंदुस्थानात परतली आणि अमृतसर येथे कामास लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या चर्च ऑफ इंग्लंड झनाना मिशनरी सोसायटीने घराघरांतील स्त्रियांपर्यंत आणि मुलींपर्यंत जाणे हे आपले क्षेत्र ठरवले होते. मिशनरी म्हणजे परदेशात गेलेला माणूस, ही व्याख्या धरली तर एलेनची गणना कोठे करावी? ती परदेशातून आली हे खरे; पण आली ती आपल्या जन्मदेशात. काशीत जन्मलेली चित्पावन मुलगी पंजाबातील बायकांपुढे विलायतेची बाई म्हणून उभी राहिली असेल.

१८८३ मध्ये तिच्या ख्रिस्ती कवितांचा संग्रह ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’ या नावाने प्रसिद्ध झाला. हे नाव रेजिनाल्ड हेबर याच्या १८१९ मधील गाजलेल्या स्तोत्रातून उचललेले आहे. हिंदुस्थान म्हणजे पोवळ्यांचा किनारा, ही त्या स्तोत्रातली कल्पना. हेबर पुढे कलकत्त्याचा बिशप झाला आणि १८२४ साली त्याने काशीही पाहिली. तेथे पोवळी नाहीत, गंगेचा गाळ आहे, हे त्याला तेव्हा समजले असेल! तथापि इंग्लंडच्या प्रार्थनामंदिरांत हिंदुस्थानची हीच खूण रूढ होती. एलेनने आपल्या देशाची ओळख करून देताना तिच्या वाचकांना समजणारे चिन्ह वापरले. घाटाच्या पायऱ्या आणि सनई त्यांना समजल्या नसत्या, आणि तिला स्वतःलाही त्या जवळून पाहावयास मिळाल्या नव्हत्या. तिचे एक भक्तिगीत मात्र दूरवर गेले. जॉर्ज स्टेबिन्स या अमेरिकन संगीतकाराने त्याला चाल दिली आणि ते इंग्रजी भाषिक देशांतील गीतसंग्रहांतून छापले गेले. एका मराठी शास्त्र्याच्या मुलीचे गाणे अमेरिकेत गायले जात होते, आणि महाराष्ट्राला तिचे नावही ठाऊक नव्हते.

१८९२ मध्ये तिच्याकडे अलाहाबाद येथील बिशप जॉन्सन अनाथगृहाची व्यवस्था आली. १९०० पर्यंत ती तेथे होती. १८९७ साली तिला डीकनेस, म्हणजे चर्चची दीक्षित सेविका, हे पद मिळाले. ही आठ वर्षे तिच्या चरित्रात थोडक्या ओळींत आटोपतात, पण खरे पाहता तिच्या आयुष्याचा अर्थ शोधावयाचा असेल तर तो येथे शोधला पाहिजे. अनाथगृह म्हणजे प्रार्थना आणि पाठ एवढेच नव्हे. धान्य, कपडे, ताप, खरूज, भांडणे, रात्री दचकून उठणारी मुले, वयात आलेल्या मुलींची चिंता, वर्गणीदारांना लिहावयाची पत्रे, हा त्याचा रोजचा प्रपंच. १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ याच काळात संयुक्त प्रांतावर आला आणि उत्तर हिंदुस्थानातील अनाथगृहांची दारे पुन्हा एकदा, साठ वर्षांपूर्वीप्रमाणे, मुलांनी भरली. आईवाचून, तीन घरांत वाढलेली बाई या मुलांवर देखरेख करीत होती. काशी तेथून सव्वाशे किलोमीटरांवर होती.

तिच्या वडिलांचे काय झाले? नेहेम्या गोरे इंग्लंडहून लौकरच परतले. १८६८ मध्ये डीकन आणि १८७० मध्ये पाद्री झाले. ऑक्सफर्डजवळील कौली येथील संन्यासी संघाकडे त्यांचा ओढा होता. त्यात उमेदवारी केली, पण अखेरची शपथ घेतली नाही. पुण्यात त्यांचे वास्तव्य पंचहौद मिशनच्या परिसरात असे, तोच तो मिशन, जो १८९० च्या चहाच्या प्रकरणामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. फादर गोरे या नावाने ते ओळखले जात; १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. जो आपल्या मुलीचा बाप म्हणून फार थोडा काळ राहू शकला, त्याला सारे फादर म्हणत.

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरात गोरे यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे मठवासी भगिनींकडे गेल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. मायलेकींचा बाप्तिस्मा तेथेच झाला. पण मनोरमेने काय खावे, कोणाचे ऐकावे, कोणता धर्मविचार शिकावा, तिच्यावर पहिला अधिकार कोणाचा, यावरून रमाबाई आणि भगिनी जेराल्डाइन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ज्या स्त्रियांनी प्रेमाने आसरा दिला त्यांच्याशीच रमाबाई मुलीसाठी भांडल्या. आपली मुलगी हिंदुस्थानी राहावी, परदेशी होऊन मायदेशी परतू नये, असा त्यांचा आग्रह होता. गोऱ्यांच्या मुलीची हकिकत रमाबाईंच्या डोळ्यांपुढे होती की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी या दोन मुलींमधील फरक उघड आहे. मनोरमेसाठी भांडावयास तिची आई होती. ती पुढे आईबरोबर शारदा सदनात आणि केडगावच्या मुक्तिसदनात राहिली, मराठी बोलली, आईच्या कामात तिचा उजवा हात झाली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली.

एलेनचे आयुष्य त्या मानाने दीर्घ झाले. अलाहाबादनंतरही ती उत्तर हिंदुस्थानातच राहिली आणि १९३७ साली कानपूर येथे, चौऱ्याऐंशीच्या घरात असताना, तिचा अंत झाला. तिची कविता शेवटपर्यंत इंग्रजीत होती. मात्र पुस्तकावर ती आपले नाव पूर्ण लिहीत असे: एलेन लक्ष्मी गोरे. पहिले नाव इंग्रजी, आडनाव बापाचे, आणि मधले, जिला तिने कधी पाहिल्याचे आठवत नव्हते, त्या आईचे.